गाडीत सबवूफर बसवायचाय? आधी डिकी मोजा, इंच नंतर ठरवा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच, दहा इंची घेऊ का बारा इंची. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. सबवूफर म्हणजे फक्त खालचा जाड आवाज, बेस, काढणारा स्पीकर, आणि त्याचा आवाज कसा येणार हे अर्धंअधिक तो ज्या लाकडी डब्यात बसवतात त्या डब्यावर ठरतं, चुकीच्या डब्यात कोंबलेला महागडा बारा इंची हा बरोबर मापाच्या डब्यातल्या साध्या दहा इंचीपुढे फिका पडतो.

म्हणून टेप घ्या आणि डिकी उघडा. लांबी, खोली, उंची मोजा, मागच्या सीटची पाठ तिरकी असते तेही बघा, आणि डबा ठेवल्यावर स्टेपनी निघते का ते नक्की तपासा. सीएनजीची गाडी असेल आणि टाकीनेच डिकी खाल्ली असेल तर सरळ सीटखाली बसणारा चपटा ॲक्टिव्ह सब घ्या, आठ इंची, ॲम्प (सबला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आतच असतो. छाती हादरणार नाही पण गाण्याला खालचा भराव छान मिळतो.

जागा असेल तर आता डब्याचा प्रकार. सील्ड म्हणजे पूर्ण बंद डबा, छोटा असतो, बेस घट्ट आणि नेमका येतो, ढोलाची थाप पडली की पडली, मागे घुमत राहत नाही. पोर्टेड डब्याला भोक किंवा नळी असते, तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त दणका देतो पण जागा जवळपास दुप्पट खातो, आणि ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय (साधारण 32 ते 38 हर्ट्झ) त्याच्या खाली स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) मोकाट हलायला लागतो, त्यामुळे ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारी सोय) हवाच. हॅचबॅकमध्ये रोजच्या ऐकण्याला मी सील्डच सांगेन, केबिन लहान असली की खालचा बेस आपोआप वाढतो.

आता इंच. सील्डमध्ये दहा इंचीला ढोबळमानाने 17 ते 23 लिटर, बारा इंचीला 28 च्या आसपास, आणि पोर्टेड बारा इंचीला 50 ते 57 लिटर लागतात. खरा आकडा मात्र तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो, तोच धरा. पंधरा इंची मोठ्या डिकीवाल्यांनीच बघावा.

हिशोब आतल्या मापाचा करायचा, इथेच बरेच जण फसतात. समजा 18 मिमी एमडीएफचा डबा बाहेरून 40 × 35 × 30 सेंमी आहे, तर प्रत्येक मापातून 3.6 सेंमी वजा, आत उरले 36.4 × 31.4 × 26.4, गुणाकार करून हजारने भागा, साधारण 30 लिटर. त्यातून सबचं मागचं मॅग्नेट वगैरे दोनेक लिटर गेलं, राहिले 28. बारा इंचीला सील्डमध्ये झक्कास. सुताराकडून करून घेत असाल तर प्रत्येक जोड फेविकॉल आणि स्क्रू लावून, वर आतून सिलिकॉन फिरवायला सांगा, बारीक फट राहिली तरी फुसफुस ऐकू येते.

ॲम्प घेताना खोक्यावरचे 1200 वॉट विसरा, आरएमएस (सतत देता येणारी खरी पॉवर) बघा आणि सबच्या आरएमएसशी जुळवा. ओहमकडेही (सबच्या विद्युत रोधाकडे) लक्ष द्या, सबमध्ये 4 ओहमच्या दोन कॉइल (ड्युअल) असतील आणि त्या पॅरलल जोडल्या की 2 ओहम होतात, ॲम्पला ते झेपलं पाहिजे. बॅटरीपासून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच, फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, यात अजिबात तडजोड नको, वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू शकते.

शेवटी सेटिंग. ॲम्पवरचा लो पास (ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचा आवाज सबकडे जाऊ न देणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेवा, बेस बूस्ट शून्यावर, गेन (ॲम्प येणारा सिग्नल किती वाढवतो ते) हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. मग ड्रायव्हर सीटवर बसून ओळखीचं गाणं लावा आणि दुसऱ्याला फेजचं बटण (सबची हालचाल बाकी स्पीकरशी जुळवणारं) 0 आणि 180 असं फिरवायला सांगा, ज्या बाजूला बेस जास्त भरीव लागेल तिथे सोडून द्या.