ठणका वेगळा, रग वेगळी

"कसं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खूप दुखतं."

"खूप ते कळलं हो. कसं?"

मला सांगताच येईना. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेनं छातीचं माप ओळखणारी मी, आणि स्वतःच्या बोटांना काय होतंय त्याला शब्द नाही! २०१४ सालची गोष्ट. साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं काम तेव्हा जोरात होतं. दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर हा डॉक्टरांचाच शब्द. शिंपिणीला तो समजावून सांगावा लागत नाही. आतलं अस्तर बिघडलं की वरचं कापड कितीही भारी असो, अंगावर बसत नाही.

घरी आल्यावर मापवही उलटी केली आणि मागच्या पानापासून दुखण्याची नोंद सुरू केली. पहिले आठ दिवस रोज एकच शब्द: दुखतं, दुखतं, फार दुखतं. वाचून माझं मलाच हसू आलं. मग आजी वापरायची ते शब्द आठवले. ठणका, कळ, रग, ठसठस, चमक, मुंग्या, कसकस. आपल्या भाषेत दुखण्याला एवढे शब्द आहेत, आणि दवाखान्यात गेल्यावर आपण सगळं एका "दुखतंय"मध्ये कोंबतो. नवीन निदान झालेल्या बायका माझ्याकडे येतात, त्यांना मी पहिलं हेच सांगते: वही करा आणि दुखण्याचं नाव लिहा. कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर दुखणं वाढतं.

सकाळचं आखडणं हे आमचं ओळखपत्रच. साडेपाचला जाग येते तेव्हा मूठ वळत नाही, आणि वळलेली असली तर उघडत नाही. रात्रभर सांधा हलला नाही की सूज तिथेच तुंबते. इथे विश्रांती उपयोगाची नाही. ऊब आणि हालचाल लागते. मी अंथरुणातच पायाचे घोटे फिरवते, मग पातेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं हात बुडवून बसते आणि पाण्यातच बोटं उघडमीट करते. मग मशीनपाशी जाऊन डबीतली एक बॉबिन दोन बोटांच्या चिमटीत उचलायची. उचलता आली की घड्याळ बघायचं आणि उठल्यापासून किती मिनिटं झाली ते वहीत लिहायचं. बॉबिन चपटी, गुळगुळीत आणि डबीच्या तळाला चिकटून बसलेली. तिला फसवता येत नाही. तुमच्याकडे बॉबिन नसेल तर ब्लाउजचा हूक लावून बघा, शर्टाचं बटण लावून बघा, पण रोज एकच कसोटी ठेवा. ही मिनिटं डॉक्टरांना सोन्यासारखी असतात. वयोमानानं सांधा झिजला असेल तर सकाळचं आखडणं बहुतेक अर्ध्या तासाच्या आत सुटतं. आमवात पेटलेला असेल तर तास-दीड तास, कधी त्याहून जास्त. माझी मिनिटं वीसवरून पन्नासवर गेली आणि आठवडाभर तिथेच राहिली, की मी पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करते.

ठणका म्हणजे सांधा आतून धडधडतोय. सुजलेला, हात लावला तर शेजारच्या कातडीपेक्षा गरम, आणि स्वस्थ बसलं तरी थांबत नाही. यावर गरम पाणी नको. ही चूक मी वर्षभर केली, कारण सकाळी गरम पाण्यानं बरं वाटायचं म्हणून संध्याकाळच्या ठणक्यालाही तेच. गरम सांध्याला गार हवं. फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायची, बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही. त्या दिवशी त्या सांध्यावर भार घालायचा नाही, पण अगदी बांधूनही ठेवायचा नाही. दिवसातून दोनतीनदा अलगद, जाईल तितकाच वाकवायचा.

आता रग. ही आपल्या कर्मानं येते. दिवाळीच्या आधी सलग चाळीस ब्लाउज काढले की दुसऱ्या दिवशी हात भरून येतो, जड होतो, पण सांधा गरम नसतो. रगेवर औषध शोधण्यापेक्षा कामाची रीत बदलावी. मी काय काय बदललं ते सांगते. कटिंग सकाळी करायचे ते दुपारी तीननंतर नेलं. दहा नंबरची जड कात्री ठेवून दिली आणि आपोआप उघडणारी स्प्रिंगची हलकी कात्री घेतली. पायडलच्या मशीनला मोटर बसवली. काज आणि हूक शेजारच्या मुलीला द्यायला लागले. मिळकत थोडी घटली, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात कणीक मळणं मुलाकडे गेलं. त्याच्या पहिल्या पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं. बाजाराची पिशवी बोटांत धरायची नाही, कोपराच्या वळात अडकवायची. तांब्या दोन्ही तळव्यांत धरायचा. बरणीचं झाकण तळहात सपाट ठेवून फिरवायचं, बोटांनी पिळायचं नाही. छोटा सांधा करतो ते काम मोठ्या सांध्यावर ढकलायचं, एवढंच सूत्र. आणि एक तास शिवलं की दहा मिनिटं हात मोकळे, दुखत नसले तरी. दुखायला लागल्यावर थांबलं तर फार उशिरा थांबलो असं समजा.

हात वापरला की दुखतो, ठेवला की राहतो, आत करकर वाजते, पण सूज नाही आणि तपासण्याही चांगल्या, असंही एक दुखणं असतं. माझ्या उजव्या मनगटात ते कायमचं आहे. आजार शांत झाला तरी आधी झालेली नासधूस भरून येत नाही. इथे आजाराच्या गोळ्या वाढवून काही होत नाही. पट्टा, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम आणि कधी शस्त्रक्रिया, असा तो रस्ता आहे. हे कळेपर्यंत मी डॉक्टरांवर "औषध लागू पडत नाही" म्हणून चिडत होते.

मुंग्यांकडेही लक्ष ठेवा. रात्री अंगठा आणि शेजारची दोन-अडीच बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकला की बरं वाटत असेल, तर मनगटातल्या सुजेनं नस दाबली जातेय. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्यावर मला फरक पडला. मानेचं मात्र घरी काही करायचं नाही. डोक्याच्या मागच्या तळाशी कळ, हातापायांत मुंग्या, चालताना तोल जाणं, असं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. या आजारात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात, म्हणून मान कडाकडा मोडून घेणं कायमचं बंद. कुठलंही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात आहे हे आधी सांगा.

औषधाचं थोडक्यात. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी शनिवारी रात्री घेते, कारण दुसऱ्या दिवशी मळमळतं आणि रविवारी गिऱ्हाइकं नसतात. कॅलेंडरवर शनिवारी खूण करते. फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी करायच्याच. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताचीच दुसरी गोळी चालू असेल तर डोळे तपासून घेत जा. २०२० मध्ये ती गोळी कोरोनावर चालते अशी हूल उठली आणि आमच्या इथल्या दुकानांतून गायब झाली. तेव्हापासून महिन्याभराचा साठा घरात असतोच. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी नको, आणि दोन वेगवेगळ्या एकत्र तर नकोच.

आणि पुड्या. बाजारात एकानं दिलेल्या पुड्यांनी मला चार दिवसांत पळतं केलं होतं. पाच महिन्यांत तोंड गोल झालं, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. स्टेरॉइडला मी शिव्या देत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी याच आजारानं खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. पण दुष्परिणामही लवकरच दिसले. म्हणून ते किती, किती दिवस, हे माहीत असलं पाहिजे, आणि एकदम बंदही करायचं नसतं. पुडीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

एकच सांधा अचानक लालभडक, हात लावू देत नाही, आणि ताप? मग वही, मटार, पाणी सगळं सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत पू झालेला असू शकतो, आणि आपली औषधं प्रतिकारशक्ती कमी करणारी असतात.

घरच्यांनाही ही नावं शिकवा. आमच्याकडे पूर्वी मी कण्हले की हे पेपरमधून मान वर न करता "गोळी घेतलीस का" विचारायचे. आता विचारतात, "ठणका की रग?" ठणका म्हटलं तर फ्रीजर उघडतात. रग म्हटलं तर मशीनची मोटर बंद करून किल्ल्या खिशात घालतात, आणि गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात, "ताई, परवा या."