प्रोसेस किती वेळ चालू आहे? बघताना या चुका टाळा

बॅकअप रात्रीपासून अडकलाय की आत्ताच सुरू झालाय, हे बघायला बहुतेक जण पीएस (चालू असलेल्या प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅम दाखवणारी कमांड) चालवतात, टाइम कॉलम वाचतात आणि तिथेच फसतात. त्या कॉलममध्ये असतो प्रोसेसने खाल्लेला सीपीयूचा वेळ. नेटवर्ककडे डोळे लावून बसलेली प्रोसेस तीन दिवस जिवंत असली तरी तिथे ००:००:०२ दिसू शकतं. उलट चार कोअर पूर्ण राबवणारी प्रोसेस दहा मिनिटांत चाळीस मिनिटांचा टाइम दाखवते.

आपल्याला हवा असतो ईटाइम, म्हणजे प्रोसेस सुरू झाल्यापासून गेलेला वेळ. कमांड अशी (टाइप करताना रोमन छोटी अक्षरं; १२३४च्या जागी आपल्या प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी):

पीएस -ओ पीआयडी,ईटाइम,एलस्टार्ट -पी १२३४

ईटाइम वाचतानाही घोळ होतो. ०५:१२ म्हणजे पाच तास नव्हेत, पाच मिनिटं बारा सेकंद. तास आणि दिवस गरज पडली तरच पुढे लागतात: ३-०५:१२:४४. स्क्रिप्टमध्ये हे फोडत बसण्यापेक्षा लिनक्सवर ईटाइम्स मागा, थेट सेकंद मिळतात. मॅकओएसच्या पीएसला मात्र ईटाइम्स कळत नाही.

पीएस -ईएफमधल्या एसटाइमवरही (सुरू झाल्याची वेळ दाखवणारा कॉलम) विसंबू नका. लिनक्सवर प्रोसेस आजची असेल तर वेळ दिसते, कालची असेल तर नुसती तारीख. एलस्टार्ट पूर्ण तारीख-वेळ देतो.

काही जण प्रॉकमधल्या (लिनक्स जिथे चालू प्रोसेसची माहिती ठेवतो ती जागा) त्या पीआयडीच्या डिरेक्टरीची तारीख बघतात. ही सवय सोडाच. ती तारीख प्रोसेस सुरू झाल्याचीच असेल याची खात्री नाही. खरा आकडा तिथल्या स्टॅट फाइलच्या २२व्या फील्डमध्ये असतो, पण तो मशीन बूट झाल्यापासूनच्या टिक्समध्ये (घड्याळाच्या ठोक्यांमध्ये), बहुधा सेकंदाला १००. शिवाय दुसऱ्या फील्डमधल्या प्रोसेसच्या नावात स्पेस असली की ऑकची (ओळ फील्डमध्ये तोडणारी कमांड) मोजणी सरकते. शेवटच्या बंद कंसानंतर मोजायला सुरुवात करा. खरं तर पीएस असताना हा खटाटोप कशाला?

आकडा बरोबर, पण प्रोसेसच भलती, असंही होतं. पीआयडी फाइल (प्रोग्रॅम आपला पीआयडी लिहून ठेवतो ती) जुनी राहिली आणि तोच नंबर दुसऱ्याच प्रोसेसला मिळाला, तर वय तिचं दिसेल. म्हणून -ओमध्ये आर्ग्सही (प्रोसेस सुरू करणारी पूर्ण कमांड) मागा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिगरेशन रीलोड केल्यावर मास्टर (मुख्य प्रोसेस) जुनाच राहतो, वर्कर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस) नवे येतात. रीलोड झालं का हे तपासायचं असेल तर वर्करचं वय बघा.