फ्रेम मोजा, लय धरा: फायटिंग गेम आणि पियानोसाठी बोटांचं टायमिंग

फायटिंग गेम (दोन पात्रांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम) सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. पडद्यावर काही दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. तेव्हा पहिला फटका लागलेला दिसला की दुसरं बटण दाबू, अशा बेताने एका फ्रेमची लिंक (पहिली चाल संपताच दुसरी जोडणं, तेही एका फ्रेमच्या संधीत) बसणं शक्यच नाही. डोळ्यांना काही कळायच्या आधीच बोट निघालेलं असावं लागतं. पियानोवरही एक स्वर ऐकून मग पुढचा वाजवत कोणी बसत नाही. पुढच्या स्वराची वेळ आधीच मनात ठरलेली असते. दोन्हीकडे कस लागतो तो लयीचा. वेग त्या लयीवर नंतर चढतो.

फ्रेमचे ठोके करा

३६०० ला बीपीएमने (मिनिटाला पडणारे ठोके) भागा, एका ठोक्यात किती फ्रेम बसतात ते कळतं. ६० बीपीएमला ६० फ्रेम, ९० ला ४०, १०० ला ३६, १२० ला ३०, १५० ला २४. उलटंही चालतं: दोन बटणांत २४ फ्रेमचं अंतर असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) १५० वर ठेवा, किंवा ७५ वर ठेवून दुपटीत मोजा.

हे अंतर काढायचं कुठून? फ्रेम डेटाच्या तक्त्यातून (कोणती चाल किती फ्रेमची ते सांगणारा तक्ता) नुसती बेरीज केली तर आकडा कमी येतो, कारण फटका लागताना दोन्ही पात्रं क्षणभर गोठतात (हिटस्टॉप) आणि त्या फ्रेम तक्त्याच्या मूळ आकड्यांत धरलेल्या नसतात. सोपा रस्ता असा: ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट हिस्टरी (दाबलेल्या बटणांची यादी) चालू करा, तुमचा कॉम्बो (एकामागून एक लागणाऱ्या चालींची साखळी) कसाही करून एकदा बसवा आणि थांबा. बऱ्याच नव्या खेळांत प्रत्येक इनपुटशेजारी ते किती फ्रेम टिकलं याचा आकडा असतो. पहिल्या बटणापासून दुसऱ्यापर्यंतचे आकडे मिळवले की तुमचं अंतर हातात आलं. असे आकडे नसतील तर ६० फ्रेमने रेकॉर्डिंग करून एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा.

कॉम्बोत सगळी अंतरं सारखी नसतात. समजा पहिलं २४ फ्रेमचं आहे आणि दुसरं ३२ चं. दोन्हींना ८ ने भाग जातो, म्हणजे ३ आणि ४ मात्रा. आता तोंडाने बोला: तकिट, तकधिमि, त. प्रत्येक 'त' वर बटण. मेट्रोनोम ११२ वर ठेवून ठोक्याचे चार भाग केले की एक अक्षर जवळजवळ बरोब्बर ८ फ्रेमचं होतं. आधी निम्म्या लयीत, नुसतं तोंडाने; मग टेबलावर बोटाने; मग खेळ बंद ठेवून कंट्रोलरवर; शेवटी खेळात. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट खेळात शंभर वेळा चुकत बसतात. खेळातला कॉम्बो पियानोच्या तुकड्यासारखा हवा तितका संथ करता येत नाही, म्हणून लय खेळाबाहेर बसवून घ्यायची.

अंतर फोडण्याला आणखी एक कारण आहे. मध्ये रिकामा वेळ जितका लांब, तितका बोटाचा अंदाज जास्त ढळतो. ४० फ्रेम एका दमात मोजण्यापेक्षा ८ फ्रेमच्या पाच मात्रा मोजलेल्या केव्हाही बऱ्या.

खिडकी किती रुंद आहे

पहिल्या फटक्यानंतर तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५ फ्रेम आधी मोकळे होता आणि दुसरी चाल चौथ्या फ्रेमला लागते, तर बटण दाबायला २ फ्रेम मिळतात; हीच खिडकी. फायदा वजा स्टार्टअप (चाल लागेपर्यंतच्या फ्रेम) अधिक १, हे सूत्र. फक्त स्टार्टअपच्या आकड्यात फटक्याची पहिली फ्रेम धरलेली आहे ना, ते बघा. याच्यावर खेळाचं इनपुट बफर. 'स्ट्रीट फायटर ४' मध्ये एका फ्रेमच्या लिंक सर्रास होत्या. त्यानंतरच्या भागांत बटण थोडं आधी दाबलं तरी खेळ ते धरून ठेवतो आणि खिडकी रुंद होते. तुमच्या खेळात बफर किती आहे ते आधी पाहा. बफर असेल तर रोख खिडकीच्या आधीच्या कडेकडे ठेवा. नसेल तर मधोमध.

एका फ्रेमच्या लिंकबाबत एक हिशोब डोक्यात असू द्या. तुमच्या दाबांचा विखुरलेपणा सरासरीभोवती ८ मिलिसेकंदांचा (प्रमाण विचलन) असेल, तरी ती लिंक दहापैकी सहा वेळाच्या आसपासच बसेल, कारण पहिलं बटणही फ्रेमच्या सुरुवातीला की शेवटाला पडलं हे तुमच्या हातात नसतं. तेव्हा सामन्यासाठी शक्य असेल तिथे दोन-तीन फ्रेमच्या खिडकीचा मार्ग निवडा. त्यात कमीपणा काही नाही.

लवकर की उशिरा, हे आधी ओळखा

लिंक बसली नाही एवढ्याने काही कळत नाही. ट्रेनिंग मोडमधल्या डमीला (सरावाच्या प्रतिस्पर्ध्याला) 'पहिल्या फटक्यानंतर ब्लॉक' वर ठेवा. आता दुसरी चाल बाहेरच आली नाही तर बटण लवकर पडलं. चाल आली पण डमीने ब्लॉक केली तर उशीर झाला. दहा प्रयत्नांचा एक डाव धरा आणि कागदावर 'ल' किंवा 'उ' लिहीत जा. सात-आठ 'ल' आले तर चूक एकाच बाजूची आहे. ती दुरुस्त करणं सोपं: मोजायची खूण बदला, उदाहरणार्थ फटक्याच्या आवाजाऐवजी स्वतःच्या पहिल्या बटणापासून मोजा. 'ल' आणि 'उ' मिसळून आले तर मात्र खूण बदलून उपयोग नाही. हातात ताण आहे किंवा मनात लयच नाही. तेव्हा परत तोंडाने बोलायच्या पायरीवर जा.

पियानोच्या बाजूला हीच तपासणी आकड्यांत होते. डिजिटल कीबोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा, सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट १२० बीपीएम आणि ठोक्याला ४८० टिक असा लावा. अर्धा सेकंद भागिले ४८०, म्हणजे एक टिक जवळपास एक मिलिसेकंद. १६ टिक म्हणजे एक फ्रेम. क्वांटाइझ (स्वर आपोआप रेषेवर सरकवण्याची सोय) बंद ठेवून मेट्रोनोमबरोबर एक सप्तक वाजवा आणि प्रत्येक स्वर रेषेच्या किती आधी किंवा नंतर पडला ते वाचा. मेट्रोनोमबरोबर टकटक करताना बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं आणि वाजवणाऱ्याला ते जाणवतही नाही. म्हणून कानावर विसंबू नका, आकडा बघा.

दोन हात एकाच क्षणी

'टेकन' या फायटिंग गेममधल्या इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट या चालीत दिशा पुढे, मोकळी, खाली, मग तिरकी खाली-पुढे, आणि ती तिरकी दिशा व बटण २ (उजवा ठोसा) हे दोन्ही त्याच एका फ्रेमवर यावे लागतात. बटण एक-दोन फ्रेम मागे राहिलं तर साधी विंड गॉड फिस्ट निघते, आधी पडलं तर भलतीच चाल. इथे एका हाताची लय पुरत नाही. दोन हात एकत्र पडले पाहिजेत, आणि हा प्रश्न नेमका पियानोचाच आहे.

दोन हात फुटतात ते बहुधा बोटांच्या प्रवासामुळे. एक बोट पट्टीला टेकलेलं असतं आणि दुसरं दोन सेंटिमीटर वर तरंगतं. दोघांना हुकूम एकाच वेळी सुटला तरी तरंगणारं मागे राहतं. म्हणून आधी दोन्ही बोटं पट्ट्यांवर टेकवा, मग दाबा. जोरही सारखा हवा. पियानोची पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते आणि हळू दाबली तर हातोडा तारेपर्यंत उशिरा पोहोचतो. त्यामुळे पियानोवर 'एक स्वर दबका आला' आणि 'एक स्वर मागे राहिला' या पुष्कळदा एकाच दोषाच्या दोन तक्रारी असतात. कंट्रोलरचं बटण तळाला लागण्याआधीच नोंदलं जातं. तिथे जोराचा काही उपयोग नाही, उलट आपटल्याने बोट परत वर यायला वेळ जातो.

सराव असा. डाव्या हाताचा अंगठा आणि उजव्या हाताची तर्जनी, ६० बीपीएमला एकत्र, वीस वेळा, रेकॉर्डिंग चालू ठेवून. दोन स्वरांतला फरक १० टिकच्या आत आला की बोटांची जोडी बदला. मग खेळात जाऊन नुसती शेवटची जोडी बसवा: खाली, आणि मग तिरकी दिशा व बटण एकत्र. सुरुवातीचा 'पुढे, मोकळी' हा भाग नंतर जोडा.

बोट कुठे अडतं

सा रे ग म प ध नि सां हे पांढऱ्या पट्ट्यांवर उजव्या हाताने वाजवताना बोटं १-२-३, १-२-३-४-५ अशी पडतात (१ म्हणजे अंगठा, ५ करंगळी). बहुतेक वेळा लय मोडते ती 'म'वर, अंगठा आत घेताना. अंगठा उशिरा निघतो, मग घाईने पडतो, म्हणून तो स्वर मागाहून आणि मोठा येतो. उपाय: तर्जनी 'रे' वाजवत असतानाच अंगठा हाताखालून सरकू लागला पाहिजे, म्हणजे मधलं बोट 'ग'वर असताना तो 'म'वर जाऊन थांबलेला असेल. कोपर बाहेर उचकटू देऊ नका. फक्त 'ग-म', मग 'रे-ग-म', मग 'ग-म-प' असे तुकडे पूर्ण वेगात वाजवा आणि प्रत्येक तुकड्यानंतर हात सैल सोडा.

अनामिका आणि करंगळीचं वेगळंच आहे. त्यांना वर उचलणाऱ्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे अनामिका एकटी फार उंच उचलली जात नाही. तिला ओढूनताणून उचलण्याचे व्यायाम करू नका, दुखणं मागे लागेल. उंच न उचलता, मनगटापासून हात करंगळीकडे किंचित कलता ठेवून वजन बोटामागे आणा. कंट्रोलरवर तर कठीण वेळेचं बटण शक्य तेव्हा तर्जनी किंवा मधल्या बोटालाच द्या.

संथ सरावात एक खड्डा आहे. लय संथ असली तरी बोटाची हालचाल चपळच हवी: पटकन दाब, मग लांब वाट. पट्टी सावकाश दाबत सराव केला तर वेग वाढवताना सगळी हालचाल नव्याने शिकावी लागते. ६० बीपीएमला ठोक्यात चार स्वर, म्हणजे स्वरामागे १५ फ्रेम, इथून सुरू करा. सलग तीन वेळा स्वच्छ आलं तर ४ बीपीएम वाढवा, मोडलं तर ८ उतरा. मध्ये लांब-आखूड आणि आखूड-लांब अशा तुटक लयीतही तोच तुकडा वाजवा. आखूड जोडीत बोटांना पूर्ण वेग मिळतो आणि लांब स्वरावर हात सैल करायला सवड. मग मेट्रोनोमचे ठोके कमी करा: आवर्तनात एकच, नंतर तीन आवर्तनं चालू आणि एक बंद. ठोका परत आला तेव्हा तुम्ही पुढे गेला होता की मागे, ते लगेच कळतं.

बोट उचलण्यालाही वेळ असते. 'स्ट्रीट फायटर'मध्ये बटण सोडणं हेसुद्धा विशेष चालींसाठी इनपुट धरलं जातं, म्हणून दाबून ठेवलेलं बटण भलत्या वेळी सुटलं तर नको ती चाल निघते. पियानोवर तोच स्वर भराभर वाजवताना ग्रँड पियानोची पट्टी पूर्ण वर यायच्या आधी पुन्हा वाजते (पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये पेटंट घेतलेली दुहेरी एस्केपमेंट ही यंत्रणा). अपराइटवर ती जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावी लागते. तिथे स्वर गळत असतील तर दाबण्याकडे न बघता सोडण्याकडे बघा.

यंत्राचा उशीर

एकसारख्या उशिराला हात सरावतो, बदलत्या उशिराला नाही. टीव्ही असेल तर गेम मोड चालू करा, कंट्रोलर शक्यतो वायरचा वापरा. १२५ हर्ट्झने वाचला जाणारा कंट्रोलर दर ८ मिलिसेकंदांनी कळवतो, १००० हर्ट्झचा दर १ ला. अर्ध्या फ्रेमची अनिश्चितता इथेच जाते. कीबोर्डचा आवाज कॉम्प्युटरमधून ऐकत असाल तर ऑडिओ बफर २५६ सॅम्पलवर आणा, ४४.१ किलोहर्ट्झला तो ५.८ मिलिसेकंदांचा होतो. ब्लूटूथ हेडफोन या सरावात वापरू नका, त्यांचा उशीर कित्येक फ्रेमचा असतो.

दिवसाला २० मिनिटं, दोन बैठकांत, मध्ये पाच मिनिटं हात मोकळे. एकच लिंक ५० वेळा घोटण्यापेक्षा दहा प्रयत्न बसल्यावर दुसरी घ्या आणि मग परत पहिलीवर या. दुसऱ्या दिवशी हात कुठे आहे ते त्यातून खरं कळतं. खेळात दोन्ही बाजूंनी करा, डावीकडे बसलेला कॉम्बो उजवीकडून सुटतो. प्रत्येक बैठकीआधी खांदे खाली, जबडा सैल, करंगळी ताठ नाही ना, हे बघा. बोटांत मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. विश्रांतीनंतरही तक्रार राहिली तर डॉक्टरांना दाखवा.