जपानी कात्री घेताना आणि वापरताना या चुका टाळा: खान्देशातल्या सलून कारागिरांसाठी

कात्रीच्या पात्यावर 'जपान स्टील' कोरलेलं असतं आणि घेणारा ते 'जपानी कात्री' असं वाचतो. पहिली चूक इथेच होते. 'जपान स्टील' हा फक्त पोलादाबद्दलचा दावा आहे. कात्री कुठे घडली, धार कोणी काढली, याबद्दल त्यात काहीच नाही. ती पाकिस्तानातल्या सियालकोटला, चीनमध्ये किंवा आपल्याच देशात तयार झालेली असू शकते. तशा सगळ्या कात्र्या टाकाऊ असतात असं मुळीच नाही, पण मग त्यांना पैसे त्यांच्या लायकीचे मोजावेत.

खऱ्या जपानी कात्रीसाठी रक्कम पाच आकडी लागते. दोन-तीन हजारांत ती मिळत नाही. तेवढे पैसे देताना 'मेड इन जपान' हे शब्द, उत्पादकाचं नाव, मॉडेल, नंबर आणि अधिकृत वितरकाचं जीएसटी बिल हातात आलंच पाहिजे. टोकियोची मिझुतानी १९२१ पासून कात्र्या करते. जोवेल बनवणारी तोकोशा १९१७ ची. काशो ही काई कंपनीची कात्री, आणि काईची सुरुवात १९०८ मध्ये गिफू प्रांतातल्या सेकी या पातीवाल्यांच्या गावात झाली. यासाका ही नारा प्रांतातली. ही नावं पाठ असली तरी ती कोरणं कोणालाही जमतं, म्हणून ते मॉडेल उत्पादकाच्या वेबसाइटवर आहे का, फोटोतला स्क्रू आणि रिंग हातातल्या कात्रीशी जुळतात का, हे दुकानात उभ्या उभ्या पाहून घ्या.

पोलादाच्या नावाला भुलणं

'४४०' एवढाच आकडा कोरलेला दिसला तर थांबा. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के असतो, बी मध्ये ०.७५ ते ०.९५ आणि सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. कार्बन कमी तर पातं कमी कठीण होतं आणि धार लवकर जाते. म्हणजे आकड्यापुढचं अक्षरच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गाळलेलं असतं. ४४० सी हे नाव मुळात अमेरिकन आहे, पण त्या पोलादाच्या उत्तम कात्र्या जपानमध्येही होतात. त्याच्या वरच्या पायरीवर व्हीजी-१० आणि एटीएस-३१४. व्हीजी-१० हे फुकुई प्रांतातल्या एचिझेनच्या ताकेफू कंपनीचं पोलाद, त्यात सुमारे १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कोबाल्ट. एटीएस-३१४ हिताची मेटल्सचं. २०२३ पासून ती कंपनी प्रोटेरियल या नावाने ओळखली जाते.

पण पोलाद चांगलं असून भट्टीत पाणी नीट दिलं नसेल तर उपयोग शून्य. चांगल्या कात्रीची कठीणता रॉकवेल मापात ५८ ते ६१ च्या आसपास असते. हा आकडा वितरकाला सांगता आला पाहिजे. रंगीत मुलामा किंवा लाटांची दमास्कस नक्षी पाहून पैसे वाढवू नका. नक्षी लेझरनेही उमटवता येते, आणि केस नक्षी कापत नाही, धार कापते.

पात्याला रिंगचा दांडा जोडल्याची पुसट खूण दिसली तर मात्र घाबरू नका. घडवलेलं पातं आणि वेगळा दांडा जोडणं ही नेहमीची पद्धत आहे.

धारेचा आकार न समजणं

आपल्याकडच्या नेहमीच्या कात्रीची धार चपट्या उताराची असते, आणि बऱ्याचदा एका पात्यावर बारीक दाते असतात. ते दाते केस धरून ठेवतात. जपानी कात्रीची धार बाहेरून फुगीर असते. नदीतल्या शिंपीची पाठ डोळ्यांसमोर आणा, तशी. जपानीत या धारेला हामागुरी म्हणजे शिंपल्याचंच नाव आहे. आतल्या बाजूला पातं पन्हाळीसारखं पोकळ घासलेलं असतं, आणि धारेच्या कडेने टोकापासून नटापर्यंत, म्हणजे पाती जोडणाऱ्या स्क्रूपर्यंत, एक बारीक सपाट पट्टी जाते. दोन्ही पाती फक्त त्या पट्टीवर एकमेकांना टेकतात. म्हणून ती लोण्यासारखी चालते, आणि म्हणूनच नाजूकही असते. पुढच्या बहुतेक चुका ही पट्टी आणि ही फुगवट विसरल्यामुळे होतात.

या धारेवर केस सरकतो. ओल्या केसांत कात्री अर्धवट उघडी ठेवून सरकवत कापायचं असेल, लेयर काढायचे असतील, तर तिच्यासारखी दुसरी नाही. पण हात नवा असेल आणि दिवसभर कंगव्यावर पुरुषांचे केस मारायचे असतील, तर पूर्ण फुगीर धारेवर केस निसटतात आणि रेषा हलते. अशांनी अर्धफुगीर धारेची कात्री आधी घ्यावी. दाढी-मिशीला जपानी कात्री लावूच नये. त्यासाठी जुनी साधी वेगळी ठेवा.

माप आणि रिंग

माप टोकापासून बोटाच्या रिंगच्या शेवटापर्यंत धरतात, करंगळी टेकवायचा हूक सोडून. पातं साधारण मधल्या बोटाएवढं असावं. लेडीज कट जास्त असेल तर साडेपाच इंच, कंगव्यावरचं काम जास्त असेल तर सहा ते सात. भुसावळ, अमळनेर, शिरपूरसारख्या गावांत एकाच कात्रीवर दोन्ही कामं भागवायची असतात. तिथे सहा इंच बरी पडते.

दोन्ही रिंगा एका रेषेत असलेल्या सरळ दांड्यावर अंगठा फार आत ओढावा लागतो. ऑफसेट दांड्यात अंगठ्याची रिंग मागे असते आणि मनगट मोकळं राहतं. दिवसाला वीस-पंचवीस डोकी होत असतील तर ऑफसेटच घ्या. अंगठा रिंगमध्ये नखाच्या मुळापर्यंतच जावा. पूर्ण अंगठा आत गेला की पाती एकमेकांपासून ढकलली जातात आणि चांगली धारही केस दुमडते. रिंग मोठी वाटत असेल तर आत रबरी रिंग बसवा. डावखुऱ्या कारागिराने डाव्या हाताची म्हणून बनवलेलीच कात्री घ्यावी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबाने पाती नेमकी उघडी पडतात.

दुकानात कागद कापून पाहणं

कागद, पॉलिथीन, दोरा यांवर परीक्षा घेऊ नका. टिश्यू पेपरचा एकच पदर पाण्यात भिजवा, पिळा आणि टोकापर्यंत पूर्ण लांबीने कापा. चीर स्वच्छ पडली पाहिजे. कुठे पदर पात्यात दुमडला किंवा ओढला गेला तर त्या जागी धार किंवा पात्याचा बाक चुकला आहे. मग कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरा. पात्यांच्या मध्ये केसाएवढी फट दिसावी आणि टोकं टेकलेली असावीत. फट नसेल तर पाती पूर्ण लांबीने घासतील. शेवटी कानाजवळ धरून हळू उघडझाप करा. खरखर ऐकू आली तर ती कात्री परत ठेवा.

नटाकडे दुर्लक्ष

"भाऊ, केस वढाई राह्यनात," असं गिऱ्हाईक म्हणालं की कारागीर धार गेली असं धरतो आणि कात्री धारवाल्याकडे देतो. बऱ्याच वेळा धार शाबूत असते, नट सैल झालेला असतो. सैल कात्रीत केस दोन पात्यांमध्ये आडवा पडतो आणि दुमडतो.

रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाईकाआधी एवढं करा: टोकं छताकडे करून डाव्या हातात एक रिंग धरा, दुसरी रिंग उचलून पाती काटकोनात उघडा आणि सोडून द्या. बरीचशी मिटून, टोकांत इंच-दीड इंच अंतर ठेवून ती थांबली तर नट बरोबर आहे. खटकन पूर्ण मिटली तर सैल, वरच अडकून राहिली तर घट्ट. स्क्रू एका वेळी पाव आट्याहूनही कमी फिरवा आणि पुन्हा सोडून पाहा. घट्ट नटाने आतली सपाट पट्टी झिजते आणि अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो. नट सैल असताना सवयीने हवेत कचकच केली की धारेवर धार आपटते आणि खाचा पडतात.

रिंगमधला छोटा रबरी स्टॉपर पडला तर त्याच दिवशी नवा बसवा. त्याच्याशिवाय पाती गरजेपेक्षा जास्त मिटतात, टोकं एकमेकांवरून पुढे जातात आणि टोकाची धार जाते. एवढ्याशा रबरापायी पाच आकडी कात्री वाया जाते, हे मनाला फार लागतं.

धूळ, पाणी, तुरटी, तेल

मळणीवरून किंवा जिनिंगमधून आलेल्या गिऱ्हाईकाच्या केसांत माती आणि कापसाचे तंतू असतात. मातीतली वाळूची कणी पात्याच्या पोलादापेक्षा कठीण असते, म्हणून ती धारेवर ओरखडा काढते. आधी ब्रशने केस झटका, जमलं तर धुवा, मगच ही कात्री लावा.

स्टेनलेस म्हणजे गंजच धरत नाही, असा समज आहे. धार टिकावी म्हणून या पोलादात कार्बन जास्त असतो, आणि तो क्रोमियमचा काही भाग स्वतःशी बांधून घेतो. गंज रोखायला तेवढं क्रोमियम कमी उरतं. दाढीनंतर तुरटी फिरवली आणि त्याच ओल्या हाताने कात्री उचलली, की तुरटीचं आम्ल पाणी पात्यावर बसतं. हेअर कलर आणि ब्लीचिंगचं पाणीही तेच करतं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळलेल्या थेंबाच्या जागी पांढरा ठिपका राहतो आणि त्याखाली डाग धरतो. निर्जंतुक करायला ७० टक्के स्पिरिटने पुसा. रात्रभर जंतुनाशकात बुडवून ठेवू नका.

रात्री दुकान मिटताना पाती उघडून नटाच्या खाचेतले केस काढा. मऊ कातडं किंवा सुती कापड पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्या. धारेवर बोट नको. नटाजवळ तेलाचा एक थेंब सोडा, आठ-दहा वेळा उघडझाप करा, वर आलेला काळा मळ पुसा. तेल शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको. धुळ्याच्या थंडीत ते नटातच गोठतं आणि उन्हाळ्यात केसांच्या चुऱ्यात मिसळून चिकट होतं. शेंगदाणा तेलाचाही डिंक होतो. जपानमध्ये कॅमेलियाच्या झाडाचं तेल वापरतात. तेही बियांचंच, पण ते सहज वाळून चिकटत नाही.

धारवाल्याचा विचार कात्री घेतल्यावर करणं

आमच्या मते सगळ्यात महाग चूक ही आहे. कात्री कोणती, याआधी तिला धार कोण लावणार हे ठरलं पाहिजे.

सायकलवर सहाणेचं चाक फिरवणारा धारवाला विळी, सुरी, कापडाची कात्री उत्तम करून देतो. जपानी कात्री त्याच्या चाकावर ठेवली की ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे पात्याचा जळता कण. फुगीर बाजू चपटी होते, पातळ कडेचं पाणी उतरतं, ती मऊ पडते. त्याहून वाईट म्हणजे तो आतली बाजूही चाकाला लावतो. आतली सपाट पट्टी गेली की पाती टेकायची जागाच उरत नाही. दोन दिवस कात्री झकास वाटते, तिसऱ्या दिवशी केस दुमडायला लागते. मूळ आकार परत आणायचा तर इतकं पोलाद घासावं लागतं की पुढच्या कित्येक धारा एकदम संपतात.

म्हणून धार लावणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. पाती सुटी करून करता का? आतली बाजू कशावर घासता? बाहेरची फुगवट राखता का? पाती सुटी करून, आतली बाजू सपाट पाणदगडावर हलक्या हाताने, आणि बाहेरची धार गोलाई धरून, अशी उत्तरं आली तरच कात्री द्या. असा माणूस जवळपास नसेल तर घेतानाच वितरकाकडून धारेची सोय, दर आणि किती दिवस लागतील हे लेखी घ्या. थिनिंग कात्रीबद्दल, म्हणजे केस विरळ करायच्या दात्यांच्या कात्रीबद्दल, वेगळं विचारा. तिच्यात बहुधा सपाट पात्यालाच धार देतात, दात्यांना हात लावत नाहीत.

कात्री पडली तर ती लगेच चालवून पाहू नका. मिटलेली असेल तर हळूच उघडा आणि नख धारेवरून आडवं, अगदी हलकं न्या. कुठे अडकलं तर ती खाच. एका पात्याची खाच दर वेळी मिटताना समोरच्या पात्यालाही खाते, त्यामुळे त्या क्षणापासून कात्री बाजूला ठेवायची.

नीट जपलेल्या कात्रीला चालत्या दुकानात साधारण सहा महिने ते वर्षाने धार लागते. आखाजीपासूनच्या लग्नसराईत ती दुकानाबाहेर पाठवणं परवडत नाही, आणि नवी कात्रीही त्या गर्दीत काढू नये. हात बसायला दोन-तीन आठवडे लागतात. श्रावणात कटिंग-दाढी कमी असते, तेव्हाच धारेला पाठवा, म्हणजे पोळ्यानंतर गणपतीची गर्दी सुरू होईपर्यंत परत येते. पाठवताना पाती पुसून, नटात तेल सोडून, कात्री मिटलेली ठेवा, टोकांवर जाड पुठ्ठ्याची टोपी करा, पेटीत हलणार नाही अशी कापडाने बसवा, कुरिअरला किंमत जाहीर करा आणि पात्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा.