डेमोला जाताना आपला डीएमएसओ आपण न्या

पुण्यात औषधशोधाचं कंत्राटी काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी स्क्रीनिंगची, म्हणजे कोणतं संयुग काम करतं ते चाचणी करून शोधायची, लॅब बघते. माणसं सात, खोल्या दोन. तीन वर्षांपूर्वी पिपेट दाबून दाबून माझा उजवा अंगठा इतका आखडला की सकाळी कुकरचं झाकण लावता येईना. तेव्हा आमचे संचालक म्हणाले, "रोबोट घेऊन टाका." म्हणजे पिपेटचं काम आपोआप करणारं मशीन, लिक्विड हँडलर. घेऊन टाकायला तो काही फ्रिज नव्हे. त्या खरेदीत मी जे शिकले ते विचारायला अजून फोन येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

कोटेशन लगेच मागवू नका. आधी दोन आठवडे घड्याळ आणि वही घेऊन बसा, आणि कोणत्या कामाला किती मिनिटं जातात ते लिहा. आमच्या ३८४ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटमध्ये पहिले दोन आणि शेवटचे दोन कॉलम कंट्रोलला, म्हणजे तुलनेच्या ठरलेल्या नमुन्यांना, जातात, संयुगांना उरतात ३२० वेल. मला ठाम वाटायचं की वेळ खातं ते प्लेट भरणं. वहीत भलतंच निघालं. वेळही आणि चुकाही हिट पिकिंगमध्ये होत्या, म्हणजे चाचणीत परिणाम दाखवलेली, दहा-बारा प्लेटांत विखुरलेली संयुगं वेचून नव्या प्लेटमध्ये मांडण्यात. बी-७ या वेलऐवजी बी-८ मधून उचललं तर आठवडा पाण्यात, आणि कुठे चुकलं ते कळतही नाही.

तुमचा वेळ एकच रिएजंट, म्हणजे चाचणीचं द्रावण, सगळ्या वेलमध्ये भरण्यात जात असेल, तर रोबोटच्या वाटेला जाऊच नका. मल्टिड्रॉपसारखा बल्क डिस्पेन्सर ते काम काही सेकंदांत करतो. आख्खी प्लेट जशीच्या तशी दुसऱ्या प्लेटमध्ये उतरवायची असेल तर इंटेग्राच्या विआफ्लोसारखं ९६ तोंडांचं पिपेट बघा. हे विक्रेता आपणहून सांगणार नाही. त्याच्या पोटावर पाय येतो.

आता बाजाराकडे. ढोबळ तीन दुकानं समजा. पहिलं ओपनट्रॉन्सचं, न्यूयॉर्कमधलं. त्यांची ओटी-२ टेबलावर मावते, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालवता येते आणि बाकीच्यांच्या मानाने खूप स्वस्त पडते. पण वेलमध्ये द्रव आहे की नाही हे तिला कळत नाही. रिकाम्या वेलमधून ती तितक्याच निष्ठेने हवा उचलते. दुसरं दुकान मोठ्यांचं: हॅमिल्टनची स्टार, टेकॅनची फ्लुएंट, बेकमनची बायोमेक. तिसरं इकोचं. तिथे टिपच नाही, म्हणजे द्रव उचलायची प्लास्टिकची नळी नाही; ध्वनिलहरींनी २.५ नॅनोलिटरचा थेंब खालून वर उडवतात. इको मूळची लॅबसाइटची, २०१९ मध्ये बेकमन कूल्टरने ती कंपनीच घेतली. आमच्या बजेटात इको फक्त ब्रोशरमध्ये बसत होती.

कंपन्या एकमेकींना गिळत असतात याचा आपल्याशी थेट संबंध आहे. सायक्लोन नावाच्या लिक्विड हँडलरची कुंडली बघा. झायमार्कचा होता, २००३ मध्ये कॅलिपरकडे गेला, २०११ मध्ये पर्किनएल्मरकडे, आणि २०२३ पासून तिथल्या पाटीवर रेव्हिटी आहे. म्हणून मी प्रत्येक विक्रेत्याला तेच तीन प्रश्न विचारले. सात वर्षांनी फोन कोण उचलेल? सुटे भाग भारतात कुठल्या गोदामात आहेत? संगणकावरची विंडोज बंद पडली तर सॉफ्टवेअरचं नवं लायसन्स फुकट की विकत? तिसऱ्या प्रश्नाला दोघांनी चहा मागवला.

खरा पैसा मात्र टिप्समध्ये आहे. प्लेटचं माप जगभर एकच, १२७.७६ बाय ८५.४८ मिलिमीटर, २००४ पासून ते अमेरिकेचं अधिकृत प्रमाण आहे. त्यामुळे कुठलीही प्लेट कुठल्याही मशीनवर बसते. टिपचं तसं नाही, काही मशीनवर त्याच कंपनीच्या टिप्स लागतात. हिशोब करून बघा. ४० संयुगं, प्रत्येकाचे १० डोस, प्रत्येक पायरीला नवी टिप, म्हणजे एका वेळी ४०० टिप्स. आठवड्याला असे पाच रन आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर लाख टिप्स झाल्या, ९६ च्या डब्यांत हजाराहून जास्त डबे. डब्याच्या भावाला हजाराने गुणा, तीन वर्षांचं करा आणि तो आकडा मशीनच्या किमतीखाली लिहा. एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, तोही त्याच कागदावर मांडा. एएमसीत फक्त मजुरी असते, सीएमसीत सुटे भागही येतात. कोटेशनमध्ये हे दोन शब्द अगदी बारीक टायपात असतात.

डेमो हे सगळ्यात महत्त्वाचं. ठाण्यातल्या एका डीलरकडे मी गेले तेव्हा मशीन निळं पाणी सोडत होती. आठही टिप्समधून सुरेख, एकसारखं. मी पिशवीतून डीएमएसओची बाटली, आमच्या प्लेट्स आणि टार्ट्राझिन हा रंग काढला. आपली संयुगं डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेली असतात, पाण्यात नव्हे. डीएमएसओ पाण्याच्या दुप्पट घट्ट आणि त्याचा पृष्ठताण बराच कमी. पाण्याची लिक्विड क्लास, म्हणजे द्रव उचलण्या-सोडण्याची सेटिंग्ज, तशीच ठेवून त्यांनी रन लावला. हात डेकवरून सरकताना तिसऱ्या टिपच्या टोकाशी थेंब जमला, लोंबला आणि भलत्याच प्लेटवर पडला. मग तासभर बसून सर्व्हिस इंजिनिअरने उचलण्याचा वेग कमी केला, टिपच्या टोकाशी हवेची फट ठेवली, तेव्हा ते थांबलं.

पुढे तराजू. ५० मायक्रोलिटर सोडायला लावून वजन केलं तर आलं ५५ मिलिग्रॅम. "दहा टक्के जास्त पडतंय, कमी करतो," इंजिनिअर म्हणाला. मी म्हटलं, थांबा, डीएमएसओची घनता १.१० आहे, वजनाला तिने भागा. बरोबर ५० होतं. त्याने "दुरुस्त" केलं असतं तर आमचा प्रत्येक डोस उणा पडला असता.

शेवटी पिवळी प्लेट. टार्ट्राझिन म्हणजे मिठाईत घालतात तोच पिवळा रंग. तो डीएमएसओत विरघळवा, ३८४ वेलमध्ये ४५ मायक्रोलिटर पाणी भरून ठेवा, मशीनकडून प्रत्येकात ५ मायक्रोलिटर रंग सोडवा, हलवा आणि ४२५ नॅनोमीटरच्या आसपास वाचा. आम्ही ५ टक्के सीव्हीची, म्हणजे सरासरीच्या मानाने आकडे किती विखुरले त्याची, रेघ ओढली होती. नुसत्या सीव्हीवर थांबू नका, आकड्यांना रंग देऊन प्लेटचं चित्र बघा. आठ तोंडांचं मशीन ३८४ च्या प्लेटवर एकाआड एक ओळीत उतरतं: आधी ए, सी, ई, मग बी, डी, एफ. आमच्या चित्रात ई आणि एफ या दोनच ओळी फिक्या होत्या. म्हणजे तिसरा चॅनल, आठांतलं तिसरं तोंड. तोच, थेंबवाला. उघडून बघितलं तर ओ-रिंगला, म्हणजे रबराच्या कड्याला, चीर होती.

जागेचं थोडक्यात. दार आणि लिफ्ट मापून घ्या, मशीन खोक्यासकट मापा. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, आणि रन मध्येच तुटला तर कोणत्या वेलपर्यंत गेला होता ते शोधत बसावं लागतं; यूपीएस मशीनबरोबर तिच्या संगणकालाही द्या. एसी १८ वर ठेवू नका. कोरडा डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. पहिल्या मे महिन्यात सकाळी येऊन बघते तर सोर्स प्लेटमध्ये साय धरल्यासारखं झालेलं.

पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, लिहिताना अकाउंट्सवाल्यांच्या शेजारी बसा. डीलरला बहुतेक पैसे माल निघतानाच हवे असतात. आम्ही भांडून ३० टक्के मागे ठेवले आणि ते कधी मिळतील हे आकड्यांत लिहिलं: आमच्या खोलीत, आमच्या अ‍ॅसेवर, म्हणजे चाचणीवर, सलग तीन दिवस झेड-प्राइम ०.५ च्या वर. झेड-प्राइम म्हणजे चाचणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा. हे गणित १९९९ मध्ये झांग, चुंग आणि ओल्डनबर्ग यांनी मांडलं, हिशोब सोपा आहे: दोन्ही कंट्रोलच्या प्रमाणित विचलनांची बेरीज करा, तिची तिप्पट घ्या, ती दोन्ही सरासऱ्यांमधल्या फरकाने भागा आणि १ मधून वजा करा. "मशीन समाधानकारक चालल्यावर" असं मोघम लिहू नका, समाधान कोणाचं यावर वर्ष जातं. जमलं तर थोडी रक्कम जुलैतल्या दुसऱ्या चाचणीपर्यंत अडकवा. डीएमएसओ हवेतलं पाणी पितो. मार्चच्या कोरड्या हवेत पास झालेली प्लेट पावसाळ्यात पातळ होते, संयुगं खाली बसतात, आणि मग झाकणं, सील, उघडं ठेवण्याची मिनिटं, सगळं नव्याने ठरवावं लागतं.

आणि त्याच पीओत अर्धा डझन ओ-रिंग्ज घाला, तेव्हा त्या फुकट मिळतात. पिवळी प्लेट आमचे लॅबमधले मामा दर सोमवारी लावतात आणि प्रिंट फ्रिजच्या दारावर चिकटवतात. गेल्या ऑगस्टमध्ये मी डबा उघडत होते तेव्हा ते ड्रॉवरमधून ओ-रिंग काढूनच आले. "मॅडम, तीन नंबर परत."