‘मेला!’ की ‘मेलो!’: खेळाडूला नायकाच्या आत कसं आणायचं

तुमचा गेम कुणाला तरी खेळायला द्या आणि मागे गप्प बसा. पात्र खड्ड्यात पडलं की खेळणाऱ्याच्या तोंडून काय निघतं ते वहीत टिपा. ‘अरे, मेला!’ आलं तर तो अजून बाहेरून बघतोय. ‘मेलो!’ आलं तर आत शिरलाय. हे विचारून कळत नाही. विचारलं की सगळे ‘पात्र आवडलं’ म्हणतात.

माझ्या गेमचा नायक एक म्हातारा नावाडी. एकदा होडी उलटली आणि खेळणारी मुलगी ओरडली, ‘बुडाले!’ नावाडी पुरुष, पण क्रियापद तिचं स्वतःचं. म्हणजे त्याच्यासारखं होण्याची तिला गरजच पडली नव्हती. नदीत तीच होती. तेव्हापासून मी याच एका शब्दासाठी काम करतो.

तो शब्द आणतात हात. आधी मी नावाड्याची चार मिनिटांची पूर्वकथा दाखवत होतो: वारलेली बायको, पूर, कर्ज. लोक बटण दाबून पुढे जात आणि मग ‘हा कुठे चाललाय?’ विचारत. ती सगळी काढली. आता गेम सुरू होतो तेव्हा होडी प्रवाहात असते, कंट्रोलरचा डावा ट्रिगर (बोटाने ओढायचं मागचं बटण) म्हणजे डावं वल्हं, उजवा म्हणजे उजवं. पहिल्याच मिनिटात बोटं दुखायला लागतात, आणि म्हाताऱ्याचा थकवा वेगळा सांगावा लागत नाही. बायकोबद्दल खूप नंतर कळतं, होडीतल्या रिकाम्या फळीवरून.

याचा सर्वांत सुंदर वापर मी २०१३च्या ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’मध्ये पाहिला. (खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा, शेवट फुटेल.) कंट्रोलरचा डावा भाग मोठ्या भावाचा, उजवा धाकट्याचा. धाकटा पाण्याला घाबरतो, थोरल्याच्या पाठीला धरून नदी पार करतो. थोरला गेल्यावर तो एकटा पाण्यापाशी येतो आणि त्याचं बटण चालत नाही. चालतं ते थोरल्याचं. कित्येक तास वापरलेलं बोट अचानक भावाची आठवण होतं. संवादातून हे साधलं नसतं.

बटणाला अर्थ द्या, एवढंच मी म्हणेन. ‘इको’ या गेममध्ये नायकासोबतच्या योर्डा या मुलीचा हात धरून ठेवायचा तर बटणही धरून ठेवावं लागतं.

आणि बटण दगा देता कामा नये. दाबलं आणि उडी उशिरा लागली की खेळाडू लगेच ‘हा उडतच नाही’ म्हणतो, म्हणजे तुटला धागा. ‘सेलेस्ट’मध्ये पाय कड्यावरून सुटल्यानंतरही क्षणभर उडी लागते; पडलो तर ते आपल्याच चुकीने, असं वाटतं. ही सवलत तुमच्या गेममध्ये पहिल्या आठवड्यातच घाला.

चेहरा आणि केस निवडायला देणं छान, पण त्यावर फार विसंबू नका. ‘हाफ-लाइफ’चा गॉर्डन फ्रीमन आपण निवडलेला नसतो. तो बोलत नाही आणि कॅमेरा त्याचे डोळे सोडून बाहेर जात नाही, तरी तिथे आपणच असतो. संवाद निवडायला देणार असाल तर पात्र शब्दशः तेच बोलू दे. निवडलं एक आणि तो बोलला भलतंच, की खेळाडू परका होतो.

कधी मुद्दाम तोडायचंही असतं. ‘द लास्ट ऑफ अस’च्या शेवटी नायक जोएलचा निर्णय पटो न पटो, बटण आपल्यालाच दाबावं लागतं. तिथला त्रास खरा आहे, कारण तोवरचे सगळे तास आपण त्याच्या आत काढलेले असतात. आधी जोडलं नसेल तर तोडण्यात काही नाही.

मी अजून दर टेस्टिंगला वही घेऊन बसतो. दोन रकाने: ‘तो’ आणि ‘मी’. कुठल्या वळणावर खेळाडू पहिल्या रकान्यात परत जातो ते दिसलं की आधी तिथलं वल्हं तपासतो, मग कथा.