जुन्या गेमचे कंट्रोल खरंच कालबाह्य झालेत का, हे कसं ठरवायचं

"कंट्रोल फारच जुनाट आहेत" म्हणून गेम बंद करण्याआधी टीव्हीची सेटिंग उघडा. गेम मोड बंद असेल तर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही बटणाचा परिणाम शंभरेक मिलिसेकंद उशिरा दाखवू शकतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (1985) सेकंदाला 60 फ्रेमने चालतो. एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची, म्हणजे सहा फ्रेम वाया गेल्या. अशा वेळी मारिओ खड्ड्यात पडला तर दोष गेमचा नाही. गेम मोड लावा, शक्यतो वायरचा कंट्रोलर वापरा आणि मग पुन्हा खेळा. बटण जितका वेळ दाबाल तितकी उंच उडी, शिवाय हवेतही थोडं वळता येतं. हे आजही हाताला लगेच बसतं.

त्यानंतर एकच प्रश्न विचारा: लेव्हल या कंट्रोलला धरून बांधली आहे का? 'कॅसलव्हेनिया' (1986) मध्ये एकदा उडी मारली की दिशा बदलता येत नाही. पण तिथले शत्रू हे गृहीत धरूनच पेरलेत. थांबा, बघा, मग उडी मारा.

मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे तो 'टूम रेडर' (1996). लोक यालाच सर्वात जास्त नावं ठेवतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याचं अख्खं जग सारख्या मापाच्या चौकोनांचं आहे. चालण्याचं बटण धरून कडेपर्यंत जा, गेमची नायिका लारा पडत नाही. तिथे बटण सोडा आणि एकदा मागे दाबा, ती मागे टुणकन उडी घेते. आता पुढे आणि उडी ही दोन्ही बटणं दाबून धरा. धाव पुरी झाली की ती बरोबर कडेवरूनच झेपावते. अशी उडी दोन चौकोनांची फट पार करते. हवेत अ‍ॅक्शनचं बटण धरलंत तर तीन चौकोनांपलीकडची कडही हाताने पकडते. हे एकदा बोटांत उतरलं की फट बघूनच कुठली उडी लागेल ते कळतं. 2024 च्या रिमास्टरमध्ये, म्हणजे नव्याने सजवलेल्या आवृत्तीत, मॉडर्न कंट्रोल आहेत, पण त्यांत ही मोजणी हरवते. मी मूळचे टँक कंट्रोलच सुचवेन: डावं-उजवं दाबलं की पात्र वळतं, वर दाबलं की तोंडाच्या दिशेने पुढे जातं.

'रेसिडेंट ईव्हिल' (1996) मध्येही टँक कंट्रोलच, पण कारण वेगळं. तिथे कॅमेरा जागोजागी स्थिर आहे आणि खोलीच्या मध्यावरच अँगल बदलतो. वर दाबलं की पात्र स्वतःच्या तोंडाच्या दिशेनेच चालत राहतं, त्यामुळे अँगल बदलला तरी पळताना गोंधळ होत नाही.

सगळंच टिकलंय असं मात्र नाही. 'गोल्डनआय 007' (1997) मध्ये एकाच स्टिकने चालायचं आणि वळायचंही, हे आता मला जड जातं. ऑप्शन्समध्ये जाऊन 1.2 ही स्टाइल निवडा: चालायला निन्टेंडो 64 च्या कंट्रोलरवरची सी बटणं, नजर फिरवायला स्टिक. एक्सबॉक्सवर 2023 मध्ये आलेली आवृत्ती असेल तर दोन स्टिकचा पर्यायच घ्या. तिथे मूळ मांडणीचा हट्ट धरू नका.